हळदीचा हिरवा उजेड

हळद पिवळी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती एकदा आमच्या मायक्रोस्कोपच्या निळ्या उजेडात बघावी. हिरवीगार दिसते. अंधाऱ्या खोलीत डोळे दिपतील इतकी हिरवी. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मी हसून सोडून दिलं असतं, कारण किडनीच्या तुकड्यात हळद कशाला येईल? पण ती आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली, आणि ज्या तऱ्हेनं आली त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. लोक म्हणतात, झालं ते झालं, कुणाचं वाईट तर झालं नाही ना, सोडा आता. मी सोडलेलं नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटला जिचं तोंड कधी दिसत नाही ती डॉक्टर. पडेगावहून स्कूटीवर येते, हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये शिरते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या शरीराचे बारीक बारीक तुकडे बघते. किडनीचा तुकडा सुईनं काढतात. शेवईएवढा असतो, त्याहून मोठा नाही. त्यातला एक भाग नेहमीच्या रंगासाठी जातो, त्याचा निकाल यायला वेळ लागतो. दुसरा भाग आम्ही गोठवतो, मशीनवर त्याचे अगदी पातळ काप काढतो आणि काचेच्या पट्ट्यांवर चिकटवतो. मग एकेका कापावर एकेक अँटिबॉडी टाकायची. प्रत्येक अँटिबॉडीला एकच ओळख ठाऊक असते. ती वस्तू कापात असली तर तिला चिकटायचं, नसली तर धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जायचं, एवढंच तिचं काम. तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. त्यामुळं ती जिथं चिकटली तिथं उजेड दिसतो आणि बाकी सगळं काळं.

हे काळं फार महत्त्वाचं आहे. उजेड कुणालाही दिसतो. काळं नीट काळं आहे की नाही, हे बघायला मात्र मुद्दाम एक जास्तीचा काप लागतो, ज्यावर अँटिबॉडी टाकायचीच नाही. बाकी सगळं तसंच करायचं, तसंच धुवायचं, तसंच बघायचं. आम्ही तिला रिकामी काच म्हणतो. ती काळी राहिली तर बाकीच्यांचा उजेड खरा. ती उजळली तर सगळंच संशयात. इतकी साधी गोष्ट आहे, आणि या साध्या गोष्टीवरून माझं आणि सरांचं कितीतरी दिवस वाजत होतं.

सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. मी ज्यांच्या हाताखाली आहे ते. त्यांची नजर चांगली, वाचन दांडगं, मला त्यांनीच कितीतरी शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण मधल्या काळात त्यांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्यांनी रिकामी काच बंद करून टाकली. म्हणाले, "एवढासा तुकडा येतो मॅडम. त्यातला एक काप तुम्ही काहीच न बघण्यासाठी उधळता?" मी म्हटलं, सर, काहीच दिसत नाही हेच बघायचं असतं. ते टेक्निशियनकडं बघून हसले, आणि टेक्निशियनही हसला, कारण त्याला एक काच कमी धुवावी लागणार होती. मी तेव्हा जास्त बोलले नाही. बोलून बोलून तोंड दुखलं होतं.

तर दसरा. आमच्याकडं दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, त्यात नवल काही नाही. वाळूजच्या कंपन्यांत होते, रिक्षांची होते, शिफ्टच्या बसगाड्यांच्या काचांवर झेंडूच्या माळा लोंबत असतात. आमच्या घरी विळे-कोयते मांडतात आणि आता त्यात माझी स्कूटीही असते. लॅबमध्येही सकाळी सगळे जमलो. सरांनी नवा झब्बा घातला होता. त्यांनी मायक्रोस्कोपला हळदीकुंकू लावलं, काप काढायच्या मशीनला लावलं, फ्रिजला लावलं. मग हुरूप आला असणार, कारण ओट्यावर धुऊन वाळत ठेवलेल्या काचेच्या बरण्या होत्या, ज्यात आम्ही पट्ट्या बुडवून धुतो, त्यांच्यावरही त्यांनी हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. बरण्या तोंड वर करून ठेवलेल्या होत्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं. मी मोबाइलवाल्याच्या मागं उभी होते आणि मला पेढे कधी वाटतात याचीच घाई होती.

आमच्या मावशी त्या दिवशी नव्हत्या. मावशी म्हणजे लॅबमधली झाडलोट आणि भांडी धुणारी बाई. त्या बौद्ध. दसरा त्यांच्याही घरी मोठा, पण त्यांचा दसरा वेगळा. पांढरी साडी नेसून लेकीसुनांना घेऊन लेणीच्या पायथ्याला वंदनेला जातात आणि त्या दिवसाची रजा त्या महिनाभर आधी मागून ठेवतात. जाताना बरण्या घासूनपुसून, वाळत घालून गेल्या होत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढं हे कुणाच्याच लक्षात राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या दारात एक बाई उभी. आमच्या हॉस्पिटलात तुकड्याची बाटली नातेवाइकांच्याच हाती खाली पाठवतात. मला ते कधी पटलं नाही, पण चालत आलंय. बाईनं बर्फाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. वैजापूरकडची होती, लेकीबरोबर आलेली. डबा माझ्या हातात देऊनही ती हलेना.

"डॉक्टरीणबाई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"लेक वाळूजला कंपनीत हाय. उभं ऱ्हाऊन पाय सुजत्यात म्हून आमी ध्यान दिलं नाय. आता वरचे डॉक्टर म्हनत्यात, किडनी हाय. म्हनत्यात, त्यो मोठा आजार निगाला तर लई कडक इंजेक्शन देऊ. अन् त्यानं पुढं लेकरू व्हायचं नाय कदाचित. लग्नाला वरीसबी नाय झालं, बाई. तेवढं नीट बगा."

मी म्हटलं, नीटच बघणार. आणि मला ते वाक्य उच्चारताना कसलीही शंका नव्हती.

टेक्निशियननं काप काढले, अँटिबॉडी टाकल्या, बरण्यांत धुतले. दुपारी सरांनी आधी बघितलं. अंधाऱ्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "हाउसफुल्ल!" आमच्यात एक आजार असा आहे, ल्युपस, ज्यात किडनीच्या गाळण्यांत जवळजवळ सगळ्या अँटिबॉडी चिकटतात, सगळ्या काचा उजळतात. तरुण बाई, सुजलेले पाय, लघवीत प्रथिनं, सांधेही दुखतात म्हणे. सगळं जुळत होतं. हाच तो वैजापूरच्या बाईनं सांगितलेला मोठा आजार आणि ह्यालाच ते कडक इंजेक्शन.

सर उठले, मी बसले. पहिली काच हिरवी. दुसरी हिरवी. सगळ्याच हिरव्या. पण गाळण्या जेवढ्या हिरव्या तेवढ्याच आजूबाजूच्या नळ्याही हिरव्या. कापाच्या कडेला चिकटलेली चरबीसुद्धा हिरवी. आणि जिथं तुकडा संपून नुसती काच होती तिथंही हिरवे ठिपके चमकत होते. आजाराचा उजेड असा सगळीकडं सांडत नाही. तो आपली जागा धरून बसतो, दाणेदार दिसतो. मी रिकामी काच शोधायला हात पुढं केला आणि मग आठवलं, ती नव्हतीच.

बाहेर आले तर सर फोनवर किडनीच्या डॉक्टरांशी बोलत होते. "हो, ल्युपसच. लेखी नंतर देतो, तुम्ही उद्याचं ठेवा." उद्याचं म्हणजे ते इंजेक्शन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सर, हे धुण्यात काहीतरी गेलंय. नळ्या बघा, चरबी बघा. काचेवर ठिपके आहेत."

"थोडं बॅकग्राउंड चमकतंच, मॅडम. लक्षणांशी बसतंय ना?"

"बसतंय म्हणून खरं आहे असं कसं?"

"तुम्ही फार ताणता बुवा," असं म्हणून ते चहाला गेले.

मी धुण्याच्या ओट्यापाशी गेले. बरण्या अजून तशाच होत्या, धुण्याचं पाणी ओतून टाकायचं राहिलं होतं. एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पाण्याला किंचित पिवळी झाक. आणि तळाशी तांदळाचा एक दाणा. अक्षतेचा. पूजेनंतर नुसत्या बाहेरून पुसलेल्या बरणीत सकाळी कुणी आत बघितलंच नव्हतं, सरळ पाणी ओतलं आणि त्यात एका मुलीच्या किडनीचे काप बुडवले. हळद किती चिवट, हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. पदराला लागली तर पदर फाटेल पण डाग जाणार नाही.

माझ्या डब्यात त्या दिवशी पिठलं होतं. मी चमच्याच्या टोकानं त्याचा थेंब एका कोऱ्या काचेवर घेतला, पाणी टाकलं आणि मायक्रोस्कोपखाली धरला. हिरवागार. तोच हिरवा. मग कँटीनमधून चिमूटभर कोरडी हळद मागून आणली आणि तीही बघितली. आता डोळे झाकायची सोयच उरली नाही. चहा पिऊन आलेल्या सरांना मी हाताला धरून आत नेलं म्हटलं तरी चालेल. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाले, "इंटरेस्टिंग."

इंटरेस्टिंग! वरच्या मजल्यावर एक मुलगी उद्या सकाळची वाट बघत पडली आहे, आणि इंटरेस्टिंग!

मी म्हटलं, आधी वर फोन करा. त्यांनी केला, पण काय म्हणाले? म्हणाले, "नमुना अपुरा वाटतोय, पुन्हा घ्यावा लागेल बहुतेक." म्हणजे पुन्हा त्या मुलीला पालथं झोपवा, पुन्हा पाठीतून सुई खुपसा, पुन्हा रक्त वाहण्याची भीती, आणि कारण काय, तर नमुना अपुरा. नमुना बिचारा पुरेसा होता. मी तिथंच म्हटलं, "गोठवलेला तुकडा उरलाय थोडा. मी काढते काप."

"किती उरलाय? प्रत्येक अँटिबॉडीला काप पुरणार आहे का?"

"नाही पुरणार. एका कापावर दोन टाकते. एक हिरवी, एक लाल."

लाल रंगाची अँटिबॉडी माझ्याकडं होती. एका अभ्यासासाठी मी ती मागवली होती आणि तेव्हाही सरांनी तिची थट्टाच केली होती. एकाच कापात दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या असतील तर दोन रंग लागतात. निळ्या उजेडात हिरवी दिसते, हिरव्या उजेडात लाल दिसते, आणि दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की कोण कुठं बसलंय ते कळतं. फक्त एका रंगाची गळती दुसऱ्यात होत नाही ना, हे आधी तपासावं लागतं, म्हणजे आणखी काचा, आणखी वेळ. त्यासाठी निकाल माहीत असलेला एक जुना तुकडा मी बाजूला ठेवला होता.

"रंगपंचमी चाललीय काय इथं?" सर म्हणाले. "आणि तेवढ्यातही रिकामी काच करणार असाल तुम्ही."

"करणार," मी म्हटलं. "सगळ्यात आधी तीच करणार."

मी सगळ्या बरण्या बाजूला काढल्या आणि कपाटातल्या कोऱ्या, पूजेच्या दिवशी बंद असलेल्या बरण्या आणल्या. गोठवलेला तुकडा मशीनमध्ये बसवला तेव्हा पाहिलं, उरलंच होतं किती! पात्यानं एकदा खरवडलं तरी गाळण्या संपायची भीती. मला स्वतःच्या श्वासाचाही राग यायला लागला, कारण मशीनमध्ये श्वास गेला तर काप गुंडाळतो. जे काप मिळाले ते मिळाले. एक रिकामा ठेवला. दुसऱ्यावर लाल आणि हिरवी, तिसऱ्यावर पुन्हा लाल आणि दुसरी हिरवी. मावशी शेजारी उभ्या राहून मला पाणी आणून देत होत्या आणि त्यांना अजून कुणी काही बोललेलं नव्हतं.

अंधाऱ्या खोलीत आधी रिकामी काच. काळी. स्वच्छ काळी. एवढं सुंदर काळं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. जुन्या तुकड्याच्या काचा बघितल्या, रंगांची गळती नव्हती. मग मुलीचा काप. निळ्या उजेडात हिरवं काहीच नाही. ल्युपसमध्ये जी हमखास दिसायला हवी होती ती नव्हती. मग लाल बघायला हिरवा उजेड लावला, आणि गाळण्यांच्या मधोमध, नीट आपल्या जागेवर, दाणेदार लाल उजेड. तिसऱ्या कापातही तेच. म्हणजे आजार होता, पण वेगळा. जपायला लावणारा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आयुष्यभराची तपासणी मागं लावणारा. त्या इंजेक्शनचा मात्र त्याच्याशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या भागाचा नेहमीच्या रंगाचा निकाल पुढं आला, तोही असंच सांगणारा आला.

मी खुर्चीत बसून रडले. आनंदानं नाही. रागानं रडले. काळी काच बघायला मला भांडावं का लागलं, म्हणून रडले.

सरांनी रिपोर्टवर सही केली. काचा बघून मान डोलावली, "छान काम" म्हणाले, ते खरंही होतं. मला वाटलं, आता निदान मनातून तरी त्यांना टोचलं असेल. मग दुसऱ्या दिवशी मायलेकी रिपोर्ट न्यायला खाली आल्या. मुलगी आईपेक्षा उंच, चेहरा सुजलेला, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. आईनं विचारलं, आधी एक सांगितलं, मग पुन्हा सुई म्हणाले, मग पुन्हा नको म्हणाले, असं का?

सर खुर्चीत मागं रेलले. म्हणाले, "काय असतं बाई, आमच्या मावशी दसऱ्याला रजेवर होत्या. भांडी नीट धुतली गेली नाहीत. त्यामुळं जरा गोंधळ झाला. आम्ही त्यांना समज देणार आहोत."

मावशी दारातच होत्या, हातात बादली. बादली खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "मी तं धुऊन गेल्ते साहेब."

"असू द्या आता," सर म्हणाले. असू द्या! नसलेल्या बाईच्या गळ्यात आपली हळद घालून वर तिलाच क्षमा.

माझा संयम इथं संपला आणि संपला ते फार बरं झालं. मी म्हटलं, "बरण्या धुतलेल्याच होत्या. धुतलेल्या बरण्यांत हळद सरांनी वाहिली, पूजेला. फोटोही आहे त्याचा. मावशी त्या दिवशी या इमारतीत नव्हत्या. आणि हळद लगेच कळली असती अशी एक काच असते, ती करायची नाही असं सरांनीच ठरवलेलं होतं."

टेक्निशियन कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला. सर मोबाइल उलटा करून सुलटा करत होते. मुलगी मावशींकडं बघत होती. आणि आई मात्र माझं बोलणं एकेक करून मनात जुळवत होती, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. शेवटी ती सरांना नाही, मलाच म्हणाली,

"म्हंजी पूजेच्या हळदीपायी माझ्या लेकीला त्ये इंजेक्शन दिलं असतं, व्हय?"

"तसं नसतं हो बाई," सर घाईनं म्हणाले, "आमच्याकडं सगळं तपासून..."

"व्हय," मी म्हणाले.